घराण्याचं बीपी

बर्मिंगहॅमला ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर औषधांची दोन पाकिटं शेजारीशेजारी पडली होती. एक ताईचं, एक तिच्या शेजारणीचं. दोघींचा दवाखाना एकच, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकानही एकच, त्यामुळे जी मोकळी असेल ती दुसरीच्याही गोळ्या घेऊन येते. त्या दिवशी शेजारीण चहाला थांबली होती. तिचे आईवडील जमैकाहून आलेले, तिचा जन्म मात्र बर्मिंगहॅमचाच. वय दोघींचं सारखं, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. बीपी निघालं तेही एकाच हिवाळ्यात आणि आकडेही जवळपास तेच. ताईच्या पाकिटावर रॅमिप्रिल लिहिलेलं होतं, शेजारणीच्या पाकिटावर ॲम्लोडिपिन. मी सहज विचारलं, तुमची गोळी वेगळी कशी? ती चिडली नाही, हसलीही नाही. अगदी साध्या सुरात म्हणाली, "मी ब्लॅक आहे ना, म्हणून." मग कप विसळून ठेवला, गोळ्यांनी सुजलेल्या घोट्यांवरून एकदा हात फिरवला आणि गेली. ताईला तेवढ्यात कोरड्या खोकल्याची उबळ आली. रॅमिप्रिल सुरू झाल्यापासून तो खोकला तिला रात्री झोपू देत नव्हता.

शेजारीण म्हणाली ते खरंच होतं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांसाठी नाइस या संस्थेने घालून दिलेल्या नियमात असंच आहे. ज्यांना मधुमेह नाही अशांपैकी पंचावन्नच्या आतल्या रुग्णाला आधी रॅमिप्रिलच्या कुळातली गोळी द्यायची. पंचावन्नच्या पुढच्याला, किंवा आफ्रिकी आणि आफ्रो-कॅरिबियन वंशाच्या कोणालाही, वय काही असो, आधी ॲम्लोडिपिनसारखी. नियमामागे कारण आहे. मूत्रपिंडातून रेनिन नावाचं द्रव्य सुटतं, त्याच्या साखळीतून रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रॅमिप्रिल ती साखळी मध्येच तोडतं. वाढत्या वयात रेनिन कमी होतं, आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत ते सरासरीने कमीच आढळतं, म्हणून तिथे साखळी तोडून फारसं काही साधत नाही. अमेरिकेतल्या ऑलहॅट या ३३ हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत, २००२ साली, हे दिसलं होतं. या कुळातल्या गोळीवर ठेवलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांचा दाब कमी उतरला, आणि पक्षाघातही त्यांच्यात जास्त झाले. म्हणजे नियम कुणाच्या लहरीवर उभा नाही, जीव वाचवायलाच केलेला आहे. तरीही ते वाक्य माझ्या मनातून जाईना. ताईचं बीपी आणखी चार-पाच वर्षांनी निघालं असतं तर तिलाही ॲम्लोडिपिनच मिळालं असतं. तेव्हा तिने कारण काय सांगितलं असतं? वय झालं म्हणून. वयाच्या जागी एकीला आपला सबंध वंश सांगावा लागतो, आणि तिला त्याची इतकी सवय झालेली आहे, याने मला अस्वस्थ केलं.

आमच्याकडे असं वाक्य वेगळ्या तऱ्हेने म्हटलं जातं. "आमच्या घराण्यातच आहे बीपी." लहानपणापासून हे मी इतक्या वेळा ऐकलंय, की घराण्याचं सरळ नाक आणि घराण्याचा तापट स्वभाव यांच्याच रांगेत बीपीही बसलेलं होतं. सिंधुदुर्गातल्या घरी पडवीवर डॉक्टर यायचे. लाकडी पेटीचं झाकण उघडलं की पाऱ्याची उभी नळी दिसायची. आजीच्या हाताला पट्टा गुंडाळून ते रबरी फुगा दाबायला लागायचे, फुस् फुस् आवाज यायचा, पारा चढायचा, आणि मग सगळे श्वास रोखून त्या थरथरत उतरणाऱ्या रेघेकडे बघत राहायचे. आकडा आम्हा मुलांना सांगत नसत. आजीचा चेहरा तेवढा दिसायचा. एके दिवशी पहाटे तिच्या हातातून तांब्या पडला आणि उजवी बाजू गेली. पुढे बाबा, मग धाकटे काका. प्रत्येक वेळी भेटायला आलेल्यांना तेच वाक्य सांगितलं गेलं, आणि ऐकणाऱ्यांनी मान डोलावली. त्या वाक्यात दुःख होतं, पण एक प्रकारची सुटकाही होती. रक्तातच आहे म्हटल्यावर करण्यासारखं काही उरतच नाही.

मात्र आजी त्या घराण्यातली नव्हतीच. दुसऱ्या गावाहून आलेली सून होती ती. पुढे काकूलाही बीपी निघालं, तीही सूनच. त्या दोघींत आणि घराण्यात रक्ताचा धागा नव्हता. धागा होता तो चुलीचा. सकाळची पेज आणि तिच्याबरोबर खाराचं आंबाडं, पावसाळाभर माळ्यावरून उतरणारे खारे बांगडे, सांडगी मिरची, फणसाचे पापड, आणि ताटात डाव्या हाताला वेगळं वाढलेलं मीठ. पावसाळ्यापूर्वी त्या घरात खारवणं चालायचं तेव्हा आजीच्या बोटांच्या भेगांत मीठ जाऊन झोंबायचं, तो चेहरा अजून आठवतो. मीठ शिरोड्याच्या मिठागरातून यायचं, जाडं, किंचित राखाडी. त्याच शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या. आजोबा ते मीठ हातात घेऊन त्या दिवसांच्या गोष्टी सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. अशा मिठाला कमी कर म्हणायची कोणाची छाती होणार?

रक्तदाब वंशाने येतो का, हा वाद डॉक्टरांतही चांगलाच पेटला होता. मँचेस्टरचे रॉबर्ट प्लॅट १९४७ साली म्हणाले, हा एक वेगळा रोग आहे, एका जनुकामुळे येणारा. तो ज्याला आहे त्याला आहे आणि ज्याला नाही त्याला नाही. लंडनचे जॉर्ज पिकरिंग यांना ते पटेना. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इतर तक्रारींसाठी दवाखान्यात आलेल्या साध्या माणसांचे दाब मोजले, बीपीच्या रुग्णांच्या नातेवाइकांचे मोजले, आणि १९५४ साली ते मांडले. रोगी आणि निरोगी असे दोन ढीग कुठे पडलेच नाहीत. उंची जशी माणसामाणसांत थोडीथोडी बदलत जाते तसा दाब बदलत होता. नातेवाइकांचे आकडे वर होते, पण सगळेच थोडेथोडे वर. हा वाद पुढे वर्षानुवर्षं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या पानांवर चालला. शेवटी पिकरिंग बरोबर ठरले, आणि मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो, कारण एका जनुकाची गोष्ट सांगायला किती सोपी असते आणि ऐकायलाही किती बरी वाटते. १४०च्या वर आजारी, खाली बरा, ही रेघ आपण सोयीसाठी ओढलेली आहे. शरीराला तिचा पत्ता नाही.

एकाच जनुकाने येणारं बीपी अगदीच नसतं असं नाही. १९६३ साली ग्रँट लिडल या अमेरिकी डॉक्टरांनी एका मुलीची आणि तिच्या भावंडांची हकिगत लिहिली. कोवळ्या वयात त्यांचा दाब भयंकर वाढलेला होता. मूत्रपिंडातली मीठ परत ओढून घेणारी दारं त्यांच्यात जरुरीपेक्षा जास्त उघडी राहत होती. तीस वर्षांनी तो जनुक सापडला. त्या मुलीचं मूत्रपिंड पुढे निकामी झालं, दुसऱ्याचं बसवावं लागलं, आणि नव्या मूत्रपिंडाबरोबर तिचा दाब उतरला. ही हकिगत वाचली तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले. दोष सबंध शरीराचा नव्हता, सबंध कुळाचा तर नव्हताच. मुठीएवढ्या एका अवयवातल्या अतिसूक्ष्म दारांचा होता. रिचर्ड लिफ्टन यांनी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अशी दुर्मीळ घराणी शोधून काढली, काहींत दाब फार चढलेला, काहींत फार उतरलेला. जवळजवळ प्रत्येक वाट मूत्रपिंड मिठाचं काय करतं या एका प्रश्नापाशी येऊन थांबली.

पण अशी घराणी जगात थोडीच. तुमच्याआमच्या बीपीत एक जनुक नसतो. २०२४ साली दहा लाखांहून जास्त लोकांचे जनुक तपासून केलेल्या अभ्यासात दाबाशी जोडलेल्या दोन हजारांवर खुणा मोजल्या गेल्या. एकेका खुणेचं वजन पाऱ्याच्या मिलिमीटरचा एखादा अंश. त्या सगळ्या एकत्र धरून माणसांची क्रमवारी लावली तर सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या दहा टक्क्यांत जवळजवळ १७ मिलिमीटरचा फरक पडतो. हा फरक लहान नाही. एका गोळीचा जितका असर होतो त्याहून तो मोठा आहे. म्हणजे घराण्याचं बीपी ही नुसती समजूत नव्हे, ते खरंच असतं. एकाच समाजात दोन माणसांच्या दाबात जो फरक दिसतो त्यातला तिसरा हिस्सा, कधी निम्म्यापर्यंत, जनुकांच्या नावावर टाकता येतो.

एकाच समाजात. हे दोन शब्द लोक सोडून देतात.

एका गावातल्या दोन माणसांतला फरक जनुकांनी बराच समजतो, म्हणून दोन देशांतला फरकही जनुकांनीच समजेल असं होत नाही. १९८८ साली मीठ आणि रक्तदाब यांच्यावरचा इंटरसॉल्ट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३२ देशांतली ५२ ठिकाणं, दहा हजारांवर माणसं, सगळीकडे मोजायची एकच पद्धत. आपल्याकडची दिल्ली आणि लडाख त्यात होती. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक सगळ्यांत खाली निघाले. दाब सरासरी ९५/६१च्या आसपास, आणि लघवीत मीठ जवळजवळ नाहीच. वय वाढतं तसं बीपी वाढायचंच, हे आपण केस पिकण्याइतकं नैसर्गिक धरून चालतो. यानोमामींत तसं होतच नाही. मग त्यांची जनुकंच तशी असतील, असं कोणालाही वाटेल. पण व्हेनेझुएलात त्यांच्या जवळच येक्वाना लोक राहतात. त्यांच्याकडे धावपट्टी झाली, बाहेरचं अन्न आणि मीठ पोचलं. २०१८ साली दोन्ही समाजांची मोजणी प्रसिद्ध झाली. येक्वानांत दाब वयाबरोबर चढत होता, आणि फरक लहान मुलांतच दिसू लागला होता. केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या खेड्यांतून नैरोबीला आलेल्या लुओ तरुणांवर १९९०च्या सुमारास असाच अभ्यास झाला. मागे राहिलेले आणि शहरात आलेले, दोघंही त्याच गावांचे, त्याच कुळांचे. आलेल्यांचा दाब पहिल्या काही महिन्यांतच वर गेला. पनामाच्या बेटांवरचे कुना लोक तर मीठ खातात, तरी बेटावर त्यांना बीपी क्वचितच, आणि तेच पनामा शहरात राहायला आले की निघतं. नुसत्या मिठावर सगळं टाकून मोकळं होता येत नाही, हे कुनांकडून शिकावं.

या सगळ्या कामांत माझ्या मनावर कोरलं गेलं ते शिकागोच्या रिचर्ड कूपर यांचं. त्यांनी एक अत्यंत साधी गोष्ट केली. गुलामांची जहाजं ज्या वाटेने गेली त्या वाटेवरच्या ठिकाणी जाऊन एकाच पद्धतीने दाब मोजले. नायजेरिया, कॅमेरून, मग जमैका, सेंट लुसिया, बार्बाडोस, आणि शेवटी शिकागोजवळचं मेवुड. १९९७ साली आकडे आले. पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के लोकांना बीपी, कॅरिबियन बेटांवर २६, अमेरिकेत ३३. पूर्वज एकाच किनाऱ्यावरचे, आणि समुद्र ओलांडत जावं तसा आकडा चढत गेलेला. कूपर एवढ्यावर थांबले नाहीत. २००५ साली त्यांनी गोऱ्या लोकांच्या मोजण्याही शेजारी ठेवल्या. कृष्णवर्णीयांत १४ ते ४४ टक्के, गोऱ्यांत २७ ते ५५. सगळ्यांत वर कोण होतं? जर्मनी. सगळ्यांत खाली नायजेरिया. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडे बघून जगाने ठरवून टाकलं होतं की हा काळ्या रक्ताचा रोग आहे, आणि जर्मनांकडे बघून मात्र हा गोऱ्या रक्ताचा रोग आहे असं कोणीही कधी म्हटलं नाही. मला याचा राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

त्या रागाच्या आधी एक गोष्ट फार गाजली होती. १९९१ साली टॉमस विल्सन आणि क्लॅरेन्स ग्रिम या संशोधकांनी मांडलं की जहाजांच्या तळघरांत कोंबलेल्या माणसांत उलट्याजुलाब आणि घाम यांनी शरीरातलं मीठ जाऊन असंख्य मेले. ज्यांची शरीरं मीठ धरून ठेवत होती ते तगले. आज त्यांच्या वंशजांत तोच गुण बीपी होऊन बसलाय. ही कल्पना पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता, आणि ती खरी असावी असं मनापासून वाटलं होतं. इतिहासकार फिलिप कर्टिन यांनी पुढच्याच वर्षी दाखवलं की तिला इतिहासात पुरावा नाही. पश्चिम आफ्रिकेत मिठाचा सर्वत्र दुष्काळ होता हेही खरं नाही. शिवाय जमैकात उतरलेले आणि अमेरिकेत उतरलेले तसल्याच जहाजांतून आले होते, मग फरक का? तरीही ती गोष्ट मरत नाही. आपल्याकडेही तिची बहीण फिरत असते. आपण दुष्काळांतून तगलेल्यांची लेकरं, म्हणून आपल्याला साखर, म्हणून आपल्याला बीपी. मी हे लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय. अशा गोष्टींची ओढ मला समजते. त्यांत आपल्या पूर्वजांचे हाल आणि त्यांचा चिवटपणा दोन्हींना मान मिळतो. पण त्या सांगताना आजचं सगळं सुटून जातं. मेवुडमधल्या माणसाला मिळणारी नोकरी सुटते, त्याच्या वस्तीत मिळणारं डबाबंद अन्न सुटतं, रात्रपाळी सुटते, पोलिसांची गाडी दिसली की छातीत होणारी धडधड सुटते.

माणसांच्या समूहांत जनुकांचा फरक नसतोच, असंही मला म्हणायचं नाही. तसं म्हणणं सोयीचं आहे, खरं नाही. २०१० साली एपीओएल-१ या जनुकाची दोन रूपं सापडली. ती मुळात पश्चिम आफ्रिकेतल्या पूर्वजांकडून आलेली. झोपेच्या रोगाच्या जंतूपासून ती वाचवतात, म्हणून ती टिकली आणि पसरली. पण आई आणि वडील दोघांकडूनही मिळाली तर मूत्रपिंडाला धोका. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत साधारण १३ टक्क्यांना ती दुहेरी मिळालेली असतात. कित्येक वर्षं अशा रुग्णांना सांगितलं जात होतं की तुम्ही बीपी सांभाळलं नाही, म्हणून मूत्रपिंड गेलं. आता कळतंय की त्यांतल्या अनेकांचं मूत्रपिंड आधीच खराब होत होतं, आणि दाब त्याच्या मागून चढला. जनुकाच्या या शोधाने किती माणसांच्या डोक्यावरचा दोष उतरला असेल! पूर्व आशियात एक वेगळाच प्रकार आहे. चीन, जपान, कोरियातल्या पुष्कळ लोकांत दारू पचवणारं एक विकर (एन्झाइम) अर्धवट काम करतं. एका पेल्यात चेहरा लालबुंद होतो, मळमळतं, म्हणून ते कमी पितात, आणि त्या पुरुषांचा दाब कमी असतो. बायका तिथे फारशा पीत नाहीत, तर त्यांच्यात हा फरक दिसत नाही. जनुक दोघांत तोच. त्याचा असर दाबापर्यंत पोचायला वाटेत पेला लागतो.

आणि आपण? ब्रिटनमधल्या अर्जांवर ताई जिथे खूण करते तो रकाना 'एशियन, इंडियन' असा असतो. न्यूकॅसलच्या एका अभ्यासात, १९९९ साली, भारतीय, पाकिस्तानी आणि बांगलादेशी असे तिघं वेगवेगळे मोजले गेले. एरवी तिघांना एकत्र करून दक्षिण आशियाई म्हणतात. हृदयविकाराच्या दृष्टीने बांगलादेशींची परिस्थिती बहुतेक बाबतींत सगळ्यांत वाईट होती, फक्त दाब त्यांचा कमी निघाला. एका रकान्यात इतकं काही दडलेलं असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम मराठी वाचकाला सांगायला नको, पण या संदर्भात मला ते पुन्हा वाचावंसं वाटलं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून त्यांनी गरोदर बायकांची आणि पुढे त्यांच्या मुलांची पाहणी केली. तिथलं बाळ सरासरी पावणेतीन किलोच्याही आत, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं साडेतीन. आपलं बाळ दिसायला बारीक, पण चरबी धरून असलेलं. कमी वजनाने जन्मलेल्यांना पुढे बीपीचा धोका जास्त, हे डेव्हिड बार्कर या संशोधकांनी इंग्लंडमधल्या जुन्या नोंदींवरून मांडलेलंच होतं. म्हणजे आईकडून लेकराकडे जे जातं ते सगळं जनुकांतूनच जातं असंही नाही. गरोदरपणी तिने काय खाल्लं, किती ओझी वाहिली, किती उपास केले, हेही जातं. आजीच्या आईबद्दल मला एवढंच माहीत आहे की भाताच्या लावणीत ती उभी होती आणि त्याच रात्री आजी जन्मली.

आपल्याबद्दलचं ज्ञान अजून तोकडं आहे, ही खंत मला खरी बोचते. ती दोन हजार खुणांची यादी दहा लाख युरोपीय वंशाच्या माणसांवरून झालेली आहे. तिच्यावरून काढलेला आकडा कोकणातल्या माणसाला लावला तर तो तितका खरा उतरत नाही, आफ्रिकेतल्या माणसाला तर आणखीच कमी. भारतात जीनोमइंडिया प्रकल्पाने दहा हजार माणसांचे जनुक वाचलेत, ऐंशीहून अधिक समाजांतले. त्यातून पुढे पुष्कळ कळेल. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली हृदयाच्या स्नायूशी संबंधित एक बदल दाखवला होता, जो दक्षिण आशियातल्या साधारण ४ टक्के लोकांत असतो आणि इतरत्र जवळजवळ सापडत नाही. असं आपलं, आपल्यापुरतं, खरोखरच असू शकतं. मात्र ते शोधताना ज्या जातीच्या, ज्या प्रदेशाच्या लोकांत जे सापडेल त्याचं उद्या त्यांच्या नावाला लेबल चिकटू नये, याची धास्तीही मला वाटते. जातीने माणूस ओळखायची सवय आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही.

औषधांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट झाली आणि ती वाचून मला बरं वाटलं. भारतीयांना दोन औषधांची कोणती जोडी सर्वांत लागू पडते हे कोणी नीट तपासलेलंच नव्हतं. टॉपस्पिन नावाच्या चाचणीत देशातल्या ३२ रुग्णालयांतल्या जवळजवळ दोन हजार रुग्णांवर तीन जोड्या वापरून पाहिल्या. आफ्रिकेतल्या अशाच चाचणीत ॲम्लोडिपिन असलेल्या जोड्या सरस ठरल्या होत्या, त्यामुळे इथेही काहीतरी आपलं वेगळं निघेल असं वाटत होतं. तिन्ही जोड्या सारख्याच निघाल्या. तिन्हींनी दाब छान उतरवला. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली बीपीवर सर्पगंधेचं मूळ कसं लागू पडतं यावरचा आपला निबंध ब्रिटिश नियतकालिकात छापला, तो वाचून बोस्टनच्या डॉक्टरांनी ती मुळी आपल्या रुग्णांना दिली, आणि त्यांचेही दाब उतरले होते. इथल्या जमिनीतलं मूळ तिथल्या रक्ताला चाललं.

आमची एक मावशी शिरोड्याच्या अलीकडच्या गावात राहते. २०१७-१८च्या सुमारास देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत सातारा आणि सिंधुदुर्ग होते. तिच्या आरोग्य केंद्रात आता बीपी निघालेल्या प्रत्येकाला सुरुवात ॲम्लोडिपिनने होते. भंडारी असो, गाबीत असो, ब्राह्मण असो, मुसलमान असो, तीच पांढरी छोटी गोळी. बर्मिंगहॅमला वंशाच्या नियमाने शेजारणीला मिळते ती, आणि ताईला न मिळालेली. मावशीने पहिल्या दिवशी सिस्टरशी भांडण काढलं होतं, "माका काय्येक होणा नाय, मगे गोळी कित्याक?" सिस्टरने तिला समोर बसवून घेतलं, तिच्या बहिणीचं, म्हणजे आमच्या आईचं, कसं झालं ते विचारलं, आणि सगळं ऐकून घेऊन मग गोळी हातावर ठेवली. महिना उलटूनही मावशी गेली नाही तर फोन येतो. खारा बांगडा तिने सोडलेला नाही. आधी रात्रभर पाण्यात घालून ठेवते आणि ते पाणी दोनदा बदलते, हे मात्र सिस्टरने शिकवल्याचं ती सगळ्यांना सांगते. मागच्या वेळी रीडिंग १३२/८२ आलं. पुढची तारीख बाजाराच्या दिवशी पडलीय, म्हणून ती सकाळच्या पहिल्या एसटीनेच जाणार आहे, आणि येताना काकूच्या गोळ्याही आणणार आहे.